चालेल म्हणायचं नाही

लेकीची खोली रिकामी झाली
आणि शैलजा म्हणाली, ही आता तुमची.
हवी तशी करा. अट एकच,
'चालेल' म्हणायचं नाही.

मी बरं म्हणालो.
ओठांवर दुसरंच आलं होतं.

दहा बाय अकरा, धनकवडी, तिसरा मजला.
खिडकीत तळजाईची टेकडी, तीही अर्धीच,
उरलेली समोरच्या सोसायटीच्या टाकीमागे.
भिंतीवर, कपाट होतं तिथे,
कपाटाएवढा स्वच्छ चौकोन.
केतकीने नाशिकहून फोन केला,
"बाबा, तुमची स्टाईल कुठली?
मिनिमल, रस्टिक, की बोहो?"
बोहो हे मला वरच्या मजल्यावरच्या
कुत्र्याचं नाव वाटलं.
ती हसली, मग तिने फोटो पाठवले, दोनेकशे.
सगळ्या खोल्या देखण्या,
एकाही खोलीत टॉवेल वाळत नव्हता.

भोसरीत बत्तीस वर्षं मी इन्स्पेक्शनला.
हातात गेज. बसला तर पास, नाही तर परत.
केसाएवढ्या फरकासाठी
ट्रकभर माल गेटवरून फिरवलाय मी,
साहेबांशी भांडलोय, बढती घालवलीय.
आणि घरी?
सोफा? चालेल.
पडदे? चालेल.
फरशी, ताटं, देवघराचा दिवा, सहलीचं गाव.
लेकीच्या नावालाही
चालेल म्हणालो होतो का मी?
आठवत नाही.
शैलजाला विचारायची छाती नाही.

शुक्रवार पेठेत रंगाच्या दुकानात
पांढऱ्याचेच एकवीस प्रकार निघाले.
मी तासभर कार्ड उलटत बसलो.
दुकानदार म्हणाला, "काका, घरी विचारून या."
घरूनच तर पाठवलंय, म्हटलं.

मग एका बुधवारी जुना बाजार.
ताडपत्रीवर नळ, पंख्याची पाती,
कुणाचे तरी लग्नातले बूट,
आणि त्यात एक दिवा.
लोखंडी, मान वळणारा,
माझ्या बाकावर होता तसाच.
रंगही तोच, मशीनचा हिरवट राखाडी,
कडेला पोपडे.
मान वळवली. कुरकुरली,
आणि वळवली तिथेच थांबली.
दोनशे ऐंशी म्हणाला, दोनशे ऐंशी दिले.
दिवा पोटाशी धरून बसमध्ये उभा राहिलो,
बसायला जागा होती तरी.

मुनीर पेंटरने दिव्याचा पोपडा
नखावर घेऊन पाहिला.
"काका, हा रंग लेथला मारतात."
"माहीत आहे."
"एका भिंतीला मारू, बाकी क्रीम."
"चारी," मी म्हणालो,
आणि माझ्याच आवाजाने दचकलो,
तो भोसरीतला होता.

ओला असताना रंग भयंकर गडद दिसला.
रात्रीतून तीनदा उठून बघून आलो.
भिंत परत पाठवता येत नाही.

सकाळी शैलजा दारात उभी राहिली,
ओले हात पदराला पुसत.
टेबल. दिवा. खुर्ची.
"दवाखान्यासारखं वाटतंय," म्हणाली.
मग थोड्या वेळाने,
"उजेड मात्र छान पडतो."
वळता वळता,
"खुर्ची एकच?"

मी सगळी मापं घेतली होती.
प्लगची उंची, टेबलाची खोली,
दिव्याची मान कुठवर पोचते ते.
खुर्ची खरंच एकच मोजली होती.

रविवारी ती जुन्या बाजारात आली.
तीन खुर्च्यांवर बसून उठली,
चौथीवर बसली ती उठेचना,
बसल्या बसल्याच भाव केला,
आठशेवरून साडेचारशेवर आणला.
मागचा डावा पाय आखूड होता.
तीन मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांनी सांगतो.
तिने वर बघून विचारलं, "कशी आहे?"

"डुगडुगते," मी म्हणालो.

"डुगडुगू दे," ती म्हणाली,
आणि पर्स उघडली.